चिप कोरी आहे!

मूर्खपणाचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माझ्यासारखा एक माणूस मेंटेनन्समध्ये ठेवा, वर्षात वही भरते!

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल. खालापूरजवळचा पुठ्ठ्याचा कारखाना. मोठ्या मशीनचा सगळा प्रोग्रॅम एका मेमरी चिपमध्ये. तिची प्रत काढली तर मी नोकरीत कायम, नाहीतर घरी. आणि मुलीकडच्यांचा निरोप होता, "कायम झाल्यावर बोलू." जीव टांगणीला!

*

चिप वाचायला कॉम्प्युटरच्या पोटात ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम घालावा लागे. दोन फ्लॉप्या आल्या, प्रत्येकीत एक ड्रायव्हर आणि सोबत त्याचं माहितीपुस्तक. ज्याचं पुस्तक जाड, तो ड्रायव्हर मी निवडला. माल चांगला असणारच!

पडदा रिकामा. मी जाहीर केलं, "चिप कोरी आहे!"

आमचे फिटर नामदेवदादा, कळंबचे. शांतपणे म्हणाले, "सायेब, मग सकाळी मशीन कशावर चालत व्हती?"

*

दुसरा ड्रायव्हर घातला. आकडेच आकडे! "छान दिसतायत. हाच!"

"छान दिसतंय म्हनून खरं हाय का? जिच्यात काय हाय ते ठावं हाय, ती चिप आदी वाचा."

नमुन्याची चिप होती, पण तिच्या आकड्यांचा कागद? त्यात मी भजी बांधून आणली होती! तेलकट कागदावर बोट ठेवून दोघांनी आकडे ताडून पाहिले. जुळले.

*

मग खऱ्या चिपची प्रत काढली, मॅनेजर साहेबांना दाखवली आणि ड्रॉवरमध्ये फेकली. अस्सल असताना नक्कल कशाला? दादांनी ती उचलून तंबाखूच्या डबीत ठेवली.

"दादा, चुना लावून खाणार काय?"

"असू द्या वो."

साहेब म्हणाले, "दसऱ्यानंतर मशीन सुरू झाली की कायम केल्याचं पत्र देतो."

*

दसऱ्याला हत्यारांची पूजा. मी मशीनमधली चिपही काढली. तिच्या इवल्या काचेवरचा कळकट स्टिकर खरवडला, हळदकुंकू वाहिलं, पुसून गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवली आणि आठवडाभर सुट्टीवर गेलो. काचेला ऊन लागलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून तर तो स्टिकर असतो. हे सगळ्यांना मीच शिकवायचो!

परत येऊन आधी चिप वाचायला घेतली. पडदा रिकामा.

"ड्रायव्हर बिघडला!" मी ओरडलो. नमुन्याची चिप वाचली, तर सगळे आकडे बरोबर. गच्चीवरचं ऊन आठवलं. लग्न डोळ्यांसमोर मोडलं. तिथंच राजीनामा खरडला आणि साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, चिप कोरी आहे."

दारात नामदेवदादा रिकामी डबी पुसत उभे होते.

"सायेब, मग सकाळपासनं मशीन कशावर चाललीय?"