चारशे नंबरचा रोल

नंबर मोठा तेवढा माल भारी, एवढीच माझी अक्कल. मी नागपूरला निघाले तेव्हा मधुकर भाऊजींनी बजावलं होतं, "वहिनी, काळ्यापांढऱ्याचा रोल आनजा. शंभरचाच. सुशीचा फोटो काढाचा हाय." दुकानदाराने चारशेचाही पुढे ठेवला. मी मॅट्रिक पास सूनबाई! दीर चिक्कूपणा करून राहिले, असं मनाशी म्हणत चारशेचा उचलला. त्या शहाणीला आता धरून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

भाऊजी गेले, त्याला महिना होऊन गेला. माझे धाकटे दीर, सौंसरच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. ही रोलची गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. रंगीत फोटो लग्नाच्या मांडवात शिरला होता, पण स्थळाला पाठवायचा फोटो अजून काळापांढराच. गिऱ्हाईक आलं की भाऊजी आधी नुसते त्याच्याकडे बघत बसायचे. दम धरून बसणारं असलं तर शंभरची फिल्म, मोठ्या दिव्यांपुढे. कातडी सायीसारखी उतरायची. मान हलणारी म्हातारी, रडकं पोर, जामसांवलीच्या मंदिरातला अंधार... तिथे चारशेची. तिला उजेड कमी पुरतो, पण फोटो मोठा केला की दाणे दिसतात. "मानूस पाहून फिल्म लावा लागते, वहिनी," असं ते सांगायचे आणि मी 'हो का' म्हणत पोहे परतायचे.

लोधीखेड्याच्या स्थळाला घाई होती, म्हणून माझ्या त्या रोलवरच माझ्या नणंदेचा, सुशीचा, फोटो निघाला. मोठा केला तर तोंडभर रवा! सासूबाई किंचाळल्या, "काहून रे मधुकर, माह्या पोरीले देवी निघाल्या का?" पण खरं सांगते, त्या दाण्यांतली सावळी, हसू ओठांत दाबून बसलेली पोरगी हुबेहूब सुशी होती. भाऊजी म्हणाले, "राहू द्या. सुशीच हाय ते." मला मेलीला कुठलं पटायला! त्यांना न सांगता मी निगेटिव्ह घेऊन पांढुर्ण्याच्या एका फोटोवाल्याकडे गेले. त्याने पेन्सिल घासली, ब्रश फिरवला आणि सुशीला दुधात बुचकळून काढलं. नाक तेवढं तिचं राहिलं. मी तोच फोटो लोधीखेड्याला धाडला, वर आठवडाभर मिरवले.

पाहुणे आले. पुढचं आठवलं की आजही शिसारी येते. मुलाच्या मावशीने फोटो पर्समधून काढला आणि ब्लाऊजला अस्तर जुळवतात तसा सुशीच्या गालाला लावून पाहिला. "हे पोरगी ते नोहे," म्हणाली. तोवर संत्र्यांची परात पुढे आलीच होती. बाई निवांत फोडी सोलत बसली, आणि बिया... त्या फोटोवर थुंकत गेली. दुधाळ गालांवर ओल्या बिया. मुलगा बघत होता, त्याचा बाप बघत होता, मीही बघत होते. भाऊजी तेवढे उठले, फोटो बियांसकट उचलला आणि म्हणाले, "झालं असन तं उठा आता. तुमची बस लागून राहिली."

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. पुढच्या स्थळाला त्यांनी मूळचा दाणेदार फोटोच पाठवला, आणि सुशीचं जमलं. त्या घरी तो फोटो अजून भिंतीवर आहे. सुशीला हटकून त्यातच भाऊजी दिसतात. फोटोत कुणी हसू दाबून बसतं, ते समोर कॅमेऱ्यामागे कुणी हसवणारं असतं म्हणून, असं तिचं म्हणणं.

भाऊजींच्या तेरवीच्या आदल्या दिवशी माझ्या नातवाने मोबाईल पुढे धरला, "आजी, आबाचा फोटो बॅनरसाठी थोडा उजळ करू का?" मी म्हटलं, "कर बापा, चांगला दिसला पाहिजे." दुसऱ्या दिवशी मांडवात भाऊजी टांगलेले! गुलाबी गाल, लाल ओठ, मागे बर्फाचे डोंगर. उन्हातान्हात रापलेला माझा काळासावळा दीर त्यात शोधून सापडेना. पांढऱ्या केसांची सुशी बॅनरपुढे जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"वहिनी, दादाले इतकं गोरं काहून केलं? आता पाहाले कोन येऊन राहिलं त्याले?"