खंडेनवमीला वाजलेला बेंजो

इरा आणि नील,

तुमची आजी असलं काही लिहील असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. भुतंखेतं, चकवा, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी फिजिक्स शिकले आणि चाकणच्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत मोजमापाची उपकरणं तपासली. उपकरण खोटं बोलायला लागलं की त्याला कारण असतं... धूळ, तापमान किंवा माणूस. चौथं कारण मला साऱ्या नोकरीत सापडलं नाही. सोसायटीत कुणी आपला अनुभव सांगायला लागलं, की मी विचारायचे — नक्की किती वाजता, किती अंतरावरून, आणि डोळ्यांवर चष्मा होता का. हळूहळू मला सांगणंच बंद झालं.

आता सांगायची पाळी माझ्यावर आली आहे. घडलं तसं, क्रमाने लिहिते.

स्थळ — रहाटणीतल्या आपल्या फ्लॅटचा हॉल. वेळ — गेल्या नवरात्रातली अष्टमी, नवमी आणि दसरा. अंधार, वारा, कुत्र्याचं रडणं वगैरे काही नाही. सगळं लख्ख उजेडात.

आधी बेंजोबद्दल. तुमच्या तिकडे बेंजो म्हणजे गोल तोंडाचं वाद्य. आपला वेगळा. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. तुमचे आजोबा टूलरूममध्ये फिटर होते तेव्हापासून काळेवाडीच्या एका बेंजो पार्टीत वाजवत. ढोलकीवर निवृत्तीभाऊ. ते मूळचे रहाटणीचे, इथल्या जुन्या शेतकरी घरातले, आणि आजोबांना 'मास्तर' म्हणणारे. पुढे पार्टी मोडली, तरी दसऱ्याला सोसायटीच्या अंगणात ही जोडी वाजवायचीच.

मागच्या वर्षी आजोबांना अर्धांगाचा हलका झटका आला, हे तुम्हाला माहीत आहे. चालणं सुधारलं, काठी आली. डावा हात मात्र अर्धाच परत आला. बेंजो खोळीत गेला तो गेलाच. विचारलं की म्हणायचे, "वायर काठीत अडकते. पडेन एखाद्या दिवशी." तुमच्या बाबांनी फोनवर हे ऐकलं आणि लगेच ऑनलाइन एक वायरलेस सेट पाठवून दिला. छोटा ट्रान्समीटर बेंजोला लावायचा, रिसीव्हर ॲम्प्लिफायरच्या रॅकमध्ये बसवायचा. मधे वायर नाही. वायर नाही म्हणजे सबबही नाही.

आजोबांनी खोकं उघडून एकेक भाग हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "चांगला आहे. बसवून ठेवू. निवृत्ती शोधेल वाजवायला कुणीतरी."

हा माणूस वाद्य बसवून द्यायला तयार होता, पण वाजवायला नाही. त्यांनी स्वतः वाजवावं, चुकत का होईना वाजवावं, एवढंच मला हवं होतं. पण हे बोलून दाखवलं असतं तर खोकंसुद्धा माळ्यावर गेलं असतं. म्हणून मी चष्मा लावला आणि मॅन्युअल उघडलं.

अष्टमीची सकाळ त्यात गेली. रॅक म्हणजे चाकं लावलेली पेटी, तिच्यात एकावर एक यंत्रं स्क्रूने बसतात. रिसीव्हर होता रॅकच्या निम्म्या रुंदीचा, म्हणून सोबत पत्र्याच्या दोन पट्ट्या आल्या होत्या, एक आखूड, एक लांब. मी मॅन्युअल मोठ्याने वाचत होते. आजोबा म्हणाले की मॅन्युअल ज्यांना काम येत नाही त्यांच्यासाठी असतं, आणि लांब पट्टी उलटी बसवली. मी मुद्दा क्रमांक चार पुन्हा, जरा सावकाश वाचला. त्यांनी पट्टी काढली आणि सुलट बसवली.

मग त्यांना ती पट्टीच पटेना. एवढ्या पातळ पत्र्यावर रिसीव्हर लोंबकळणार, टेम्पोत हादरे बसणार... त्यांनी जुन्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा मागून आधार दिला. डाव्या हातात नट धरवत नव्हता, तो मी धरला. "अगं, नट धर, माझं बोट सोड," असं दोनदा ऐकून घेतलं. पेटी लोखंडी, म्हणून दोन्ही अँटेना पुढच्या बाजूला आणल्या. शेवटी त्यांनी वर स्पिरिट लेव्हल ठेवून तिचा बुडबुडा मधोमध आणला आणि प्रत्येक स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. टूलरूममध्ये याचा अर्थ — घट्ट आवळला, तपासला, आता कुणी हात लावायचा नाही.

चाचणी मी घेतली. बटणं दाबून तारा छेडल्या, रिसीव्हरवर सिग्नलचा हिरवा दिवा लागला, स्पीकरमधून मांजर दारात सापडल्यासारखा आवाज आला. आजोबा हसले, पण बेंजोला शिवले नाहीत. मी ट्रान्समीटरमधले दोन्ही सेल काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. सेल आत राहिले की गळतात. हे सेल काढणं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. आजोबांच्या टूलरूमची रीत अशी, की पूजेनंतर मशीन एकदा रिकामं फिरवायचं, बंद करायचं, हार घालायचा, आणि मग दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. घरीही तेच. पाने, पकड, माझा मल्टिमीटर, बेंजो, रॅक — सगळ्यांना हळदकुंकू लागलं. रिसीव्हरच्या दर्शनी बाजूवर स्वस्तिक निघालं. आजोबांनी रॅक चालू केला, भक्तिभावाने झेंडूचा हार घातला... आणि मग लक्षात आलं की बंद करायचं राहिलं.

बटण हाराखाली. मी म्हटलं, भिंतीवरून बंद करते. ते म्हणाले, "बंद करणं हेही कामच झालं." मी विजेबद्दल बोलले, त्यांनी ऐकलं नाही. रॅक दिवसभर चालूच राहिला.

दुपारी चारला आजोबा फेरी मारायला खाली गेले होते. मी स्वयंपाकघरात पुरण ढवळत होते. आणि हॉलमधून बेंजो वाजायला लागला.

पार्टी सुरू करताना वाजवायची धून, आजोबांनी स्वतः बांधलेली. चाळीस वर्षं ऐकली आहे मी ती. आजारपणाआधी वाजायची तशीच, सफाईदार. मला वाटलं, हे चावीने दार उघडून गुपचूप आत आले आणि बसले वाजवायला. मी जागची हलले नाही. गेले असते तर थांबले असते ते. रडले वगैरे नाही, चष्म्यावर पुरणाची वाफ होती. पुरण खाली लागलं. लागू दिलं.

धुनेच्या शेवटी मात्र चार ओळी नव्या आल्या. मी कधीच न ऐकलेल्या.

आणि दाराची बेल वाजली. दारात आजोबा, त्यांच्यामागे निवृत्तीभाऊ. आत बेंजो चालूच.

निवृत्तीभाऊ म्हणाले, "वहिनी, कुणाला बसवलं वाजवाया?"

आम्ही तिघं हॉलमध्ये गेलो. बेंजो पाटावर, झेंडूखाली, तारा निश्चल. ड्रॉवर उघडला — सेल जागेवर, दोन. रिसीव्हरवर सिग्नलचा हिरवा दिवा विझलेला, पण शेजारचा आवाजाचा दिवा धुनेबरोबर खालीवर होत होता. म्हणजे येत काहीच नव्हतं आणि वाजत सगळं होतं. नोकरीत असं उपकरण मी लाल चिठ्ठी लावून परत पाठवलं असतं.

"देहूरोडच्या मिलिट्रीचं कायतरी घुसलं असंल," निवृत्तीभाऊ म्हणाले.

"मिलिटरी बेंजो वाजवते का, भाऊ?"

"उद्या दसरा हाय, वहिनी. त्यास्नी हौस नसती का?"

आजोबा काठीवर रेलून ऐकत होते, आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर बटणं दाबावीत तशी हलत होती. धून संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा त्या नव्या चार ओळी आल्या. आजोबा मटकन खुर्चीत बसले.

"हा शेवट माझा आहे," ते म्हणाले. "हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या बांधला होता. चादरीवर बोटं फिरवून. वाजवला कधीच नाही. तुलासुद्धा सांगितला नाही."

निवृत्तीभाऊंनी चपला शोधायला सुरुवात केली होती. तेवढ्यात आजोबांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखते. टूलरूममध्ये कुणी त्यांच्या कानशीला हात लावला की पडायची.

"आणि घाई करतोय," ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीत श्वास घ्यायला जागा ठेवलीय मी. हा तुडवत चाललाय."

मी चॅनल बदलून बघायला पुढे झाले तर त्यांनी काठी आडवी धरली. नवमी होती. आम्ही तिघं बसून राहिलो आणि चार वाजून बावीस मिनिटांनी आवाज आपोआप थांबला.

संध्याकाळभर मी शक्यता तपासल्या. वरच्या-खालच्या घरांत विचारलं, कुणाकडे बेंजो नाही. रेकॉर्डिंग म्हणावं, तर त्या चार ओळी कधी वाजल्याच नव्हत्या. दुसऱ्याचा ट्रान्समीटर म्हणावा, तर हा रिसीव्हर आपल्या जोडीच्या ट्रान्समीटरखेरीज कुणाचं ऐकत नाही. सेल मोजून बघायचे होते, पण मल्टिमीटर पूजेत. आजोबा रात्री जेवताना एकच वाक्य बोलले, तेही ताटाला. "वाजवायचा तर नीट वाजवावा ना."

दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं द्यायच्याही आधी त्यांनी बेंजोवरची फुलं काढली, माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "सेल."

वाजलं ते ऐकवत नव्हतं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट ऐकतच नव्हतं. निवृत्तीभाऊ सोनं द्यायला आले ते उंबऱ्यातच थबकले. थोडं ऐकून म्हणाले, "मास्तर, कालचा बरा वाजवत हुता."

"मग त्याला बोलव साथीला."

निवृत्तीभाऊ घरी गेले आणि ढोलकी घेऊन आले. दुपारभर आजोबांनी ती धून तीन बोटांत बसवली, जिथे बोट पोचत नव्हतं तिथे सूर बदलले. मी दोनदा जेवायला बोलावलं आणि मग दार लोटून घेतलं.

संध्याकाळी अंगणात त्यांनी खुर्चीवर बसून वाजवलं. चुका मी मोजल्या, सवयच आहे... तुम्हाला सांगणार नाही. शेवट त्यांनी इतका सावकाश घेतला की तिसऱ्या ओळीनंतर लोकांना वाटलं संपलं, आणि टाळ्या पडल्या. आजोबा टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग चौथी ओळ वाजवली.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्या बाबांचं म्हणणं, पीस खराब आहे, वॉरंटीत बदलून मिळेल. आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं की बदलायचा नाही, त्याचं वाजवणं अजून सुधारायचं आहे. तरी मी काल दुपारी कंपनीच्या साइटवर फॉर्म उघडला. 'तक्रारीचं स्वरूप' या चौकोनापाशी अर्धा तास बसले, काय लिहावं सुचेना, शेवटी कॉम्प्युटर बंद केला. हॉलमध्ये तुमचे आजोबा वाजवत होते.

हो, तेच होते. मी जाऊन बघून आले.

तुमची,
आजी