तिकडचं तळघर

माझ्या मामाला आमच्या गल्लीत नावानं कोणी हाक मारत नसे. तो 'तिकडचे'. "तिकडचे आले का?" "तिकडच्यांना विचारा, ते सांगतील." हे नाव त्यानं स्वतःच कमावलं होतं, कारण कुठल्याही विषयावर त्याचं पहिलं वाक्य "तिकडे असं नसतं" हेच असायचं. तिकडे नळ गळत नाहीत, तिकडे खिळे वाकत नाहीत, तिकडे मजूर सांगितल्या वेळेला येतात. तिकडे म्हणजे एक लांबचा थंड देश. ऐन उमेदीची वर्षं त्यानं तिथे घरांचे पाये आणि तळघरं ओतण्यात घालवली होती. परत आला तो दोन जाड कोट घेऊन, जे इथे कधी अंगावर चढले नाहीत, आणि सपाटी तपासायची एक छोटी पाणसळ घेऊन, जी शर्टाच्या खिशात पेनासारखी खोचलेली असायची. कुणाकडे गेला की चहा येईपर्यंत ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, आतला बुडबुडा कुठे सरकतो ते बघायचा आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"मुळे त्याला चहाला बोलावणारे हळूहळू कमी झाले.

तिकडे जाण्याआधी मामाचं काहीच धड झालं नव्हतं. कोंबड्या पाळल्या, त्या रोगानं गेल्या. सायकलचं दुकान टाकलं, ते भागीदारानं घशात घातलं. नातेवाईक त्याच्या तोंडावर त्याची टिंगल करायचे आणि तोही त्यांच्यात मिसळून हसायचा. लहानपणी मला ते बघवत नसे. त्या हसण्यात कधी सामील झाली नाही ती फक्त माझी आई, त्याची थोरली बहीण. बाबा गेल्यावर तिनं गल्लीच्या टोकाच्या जागेवर घर बांधायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी चांगला कंत्राटदार सुचवला. आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घर माझा भाऊ बांधेल." मामा तेव्हा दारात चपला काढत होता. त्यानं ते ऐकलं आणि बराच वेळ चपलाच काढत राहिला. आपल्या ताईच्या त्या एका वाक्याला बट्टा लागू नये, याहून मोठी इच्छा त्याला उरली नव्हती, असं मी आजही म्हणेन.

आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर उंच जोत्यावर उभं आहे. दारात चार पायऱ्या चढायच्या आणि मग घर. तळघर कुणाकडेच नाही. आई शाळांचे गणवेश शिवायची. तिला शिलाई मशिनी आणि कापडाचे तागे ठेवायला मोठी खोली हवी होती आणि जागा होती एवढीशी. मामा म्हणाला, "बाजूला जाता येत नाही ना? मग खाली जाऊ."

समोरचा किराणावाला म्हणाला, "आपल्याकडे खाली कोणी जात नाही."

"का नाही?" मामानं विचारलं.

किराणावाल्यानं मान खाजवली. "नाही जात. आमच्या आजोबांनीही नाही केलं."

"अहो, पण का?"

"आता का म्हणजे काय सांगू? नाही करत, एवढंच."

मामा जग जिंकल्यासारखा घरी आला. ज्या गोष्टीचं कारण कुणाला सांगता येत नाही तिला कारणच नसतं, हा त्याचा मुद्दा. मला तो तेव्हा अगदी बिनतोड वाटला होता. वर्षानुवर्षं ज्यांना हसू आलं त्या सगळ्यांना एका खोलीत उत्तर देता येणार होतं, आणि ती खोली जमिनीखाली असणार होती.

तळघर झालं ते मात्र देखणं झालं. खोटं कशाला बोलू? भिंती गुळगुळीत, पायऱ्या सारख्या उंचीच्या, वर जमिनीलगत हवेसाठी गजांचा झरोका. भर उन्हाळ्यात खाली उतरलं की घाम जागच्या जागी थांबायचा. आई तिथे मशीन चालवताना गुणगुणायची, जे तिनं बाबा गेल्यापासून केलं नव्हतं. लोक बघायला यायचे. मामा पुढे होऊन "डोकं सांभाळा" म्हणायचा आणि भिंतीवर हात फिरवून दाखवायचा. किराणावाला खाली उभा राहून मान पुसत म्हणाला, "तिकडचे, मला पण गोदाम करून द्या असं." पुढे पावसाळा आला, चांगला दणकून आला, आणि भिंती कोरड्या राहिल्या. मामानं भिंतीवर बोट घासून ते किराणावाल्याच्या नाकासमोर धरलं. "बघा. ओलं आहे?"

पाणी आलं ते पाऊस गेल्यावर. आभाळ निरभ्र, रस्त्यावर धूळ, आणि आमच्या तळघराच्या कोपऱ्यात फरशी काळी पडू लागली. आईनं विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "नवं सिमेंट आहे, घाम येतो त्याला." दोन दिवसांनी त्यानं मशिनी आणि तागे वर आणून ठेवले. आता खाली रंग द्यायचा आहे म्हणाला. मग दाराला कुलूप लागलं आणि किल्ली त्याच्या खिशात गेली, पाणसळीच्या शेजारी. आई गणवेश पोचवायला शाळांकडे गेली की तो यायचा. कुठूनतरी आणलेला पंप लावायचा, नळी मागच्या गटारात सोडायची आणि दार आतून ओढून घ्यायचं. मी दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम करत असे, म्हणून मला यातलं काही दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की मामा बोलेनासा झाला. 'तिकडे' हा शब्दच त्याच्या तोंडून गेला. जेवायला थांब म्हटलं तर थांबायचा नाही, आणि त्याच्या विजारीचे पाय नेहमी ओले असायचे. माणसाला लाज वाटली की जमिनीत गडप व्हावंसं वाटतं म्हणतात. मामाची पंचाईत अशी होती, की त्याची लाज जमिनीतच भरून राहिली होती आणि रोज उपसूनही दुसऱ्या दिवशी तेवढीच असायची.

म्हणून त्यानं मोठा पंप आणला. थेंबही दिसता कामा नये, असं त्यानं ठरवलं असावं.

त्या दुपारी मी सुट्टीवर होते. खालून पंपाची घरघर येत होती. "रंगाचं मशीन आहे," असं मामानं मला सांगितलं होतं आणि मी मूर्खासारखं ते मानलं होतं. मग एखादी मोठी फरशी आपटावी तसा आवाज झाला. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे सरकले. मामा जिन्यावरून वर आला, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड पांढरंफटक. "बाहेर हो," एवढंच म्हणाला आणि माझा दंड धरून मला ओढतच रस्त्यावर आणलं. मागे वळून बघितलं तर मागच्या खोलीच्या कडेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि त्यातून मला आमच्या मोरीची बादली दिसत होती.

गल्ली जमली. आई परतली ती रिकाम्या पिशव्या काखेत धरून. तिनं घराकडे पाहिलं, मग मामाकडे. मामाच्या हातात पंपाची नळी अजून होती. कुणीतरी म्हणालं, "विटा कच्च्या असतील." दुसऱ्यानं मान डोलावली. "हल्ली विटा कुठे चांगल्या मिळतात?" मामानं ते ऐकलं आणि गप्प राहिला. विटांवर गेलं तर गेलं, असं त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं, आणि मला त्याची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची इंजिनिअरबाई आली. टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. फरशी मधोमध फुगून फुटली होती, मागची भिंत आत झुकली होती आणि पाणी पुन्हा भरत होतं.

"पंपातून पाणी कसं यायचं? स्वच्छ की गढूळ?" तिनं विचारलं.

"गढूळ," मामा म्हणाला.

"ती तुमच्याच घराखालची माती होती. रोज थोडी थोडी तुम्ही गटारात सोडत होता." ती काही त्याला टोचून बोलत नव्हती. थकलेल्या मास्तरणीसारखी सांगत होती. "पाणी आत होतं तोवर बाहेरचा दाब आणि आतला दाब सारखा होता. तुम्ही आत पार रिकामं केलंत. बाहेरचं पाणी कुठे जाणार? त्यानं भिंत ढकलली, फरशी उचलली."

"पण तिकडे तर घराघरात तळघर असतं," मामा म्हणाला. किती दिवसांनी तो शब्द त्याच्या तोंडी आला, आणि किती हळू आला.

"तिकडे हिवाळ्यात जमीन पुरुषभर खोल गोठते. गोठली की फुगते आणि घर उचलते. म्हणून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर लोक तिथे खोली काढतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. कमरेइतका पाया पुरतो, आणि त्याच्या खाली लगेच पाणी. पाऊस संपला की विहिरींचं पाणी वर येतं ना तुमच्याकडे? मग ही खोली म्हणजे आणखी एक विहीरच झाली."

मामानं विचारलं, "पाणी तसंच राहू दिलं असतं तर?"

"खोली गेली असती. घर राहिलं असतं."

तिनं सांगितलं, पंप काढा, पाणी येईल तेवढं येऊ द्या, मग वाळू आणि मुरूम टाकून हळूहळू खोली भरून घ्या, आणि मागच्या खोलीत झोपू नका. ती गेल्यावर मामा पुढच्या पायरीवर बसला. आईही शेजारी बसली. मी दारात उभी होते.

"झरोक्यातून माझं रीळ खाली पडलं होतं," आई म्हणाली. "मागे, कुलूप लावलंस त्याच आठवड्यात. डुबुक्क झालं."

मामानं मान वर केली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं लपवत होतास. म्हटलं, माझ्यासमोर तरी तुझी मान खाली नको. तू काहीतरी करतोयस, होईल ठीक."

मला दोघांचाही इतका राग आला की मी आत निघून गेले. पण मामाचं बोलणं ऐकू आलंच. "ताई, तू एकदा ओरडली असतीस ना, तर मी तो पंप लावलाच नसता." आई रडत होती की नाही हे मी बघायला गेले नाही.

त्यानंतर मामा त्याच्या भाड्याच्या खोलीतून बाहेर पडेना. डबा मी पोचवायचे, तो दार किलकिलं करून घ्यायचा. इकडे उन्हाळा लागून विहिरी खाली गेल्या आणि किराणावाल्याचं खोदकाम जोरात सुरू झालं. मामानं आखून दिलेलं गोदाम त्यानं दुसऱ्या गवंड्याला दिलं होतं. "विटा मी स्वतः पारखून आणल्यात," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आईनं ते ऐकलं, तशीच मामाच्या खोलीवर गेली. मी मागे होते.

"त्याला सांगितलंस?" तिनं दारातूनच विचारलं.

"त्यानं बघितलं नाही का आपलं घर?"

"त्यानं विटा बघितल्यात. तू बोलला नाहीस म्हणून."

मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता. "ताई, तेवढं नको. सगळी गल्ली हसेल."

"हसेल," आई म्हणाली. "आणि त्या गोदामावरच्या खोलीत त्याची म्हातारी आई झोपणार आहे, तिचं काय? मी एकदा गप्प बसले. आता नाही बसणार. तू चल, नाहीतर मी एकटी जाते."

मामा उठला. रस्ताभर तो आमच्या पुढे चालत होता, खांदे पाडून. खिशात पाणसळ नव्हती. दुकानात गिऱ्हाइकं होती, खड्ड्यात माणसं होती, गवंडी लोखंड बांधत होता. मामा खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बुजवा. आमच्या विटा चांगल्या होत्या. घर मी मोडलं. खालून पाणी येतं, ते मी लपवलं, आणि उपसून उपसून बहिणीच्या घराखालची माती काढली."

किराणावाला हातातला तराजू तसाच धरून राहिला. "म्हणजे तुम्हाला तळघर बांधता येत नाही?"

"बांधता येतं. लोक ते का बांधतात, एवढं मी कधी विचारलं नाही."

"तिकडे विचारायची पद्धत नसेल," गिऱ्हाइकांतलं कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. गवंडीही हसला. पूर्वी मामा त्यांच्यात मिसळून हसला असता. या वेळी तो हसला नाही आणि निघूनही गेला नाही. हसणं संपेपर्यंत उभा राहिला, मग त्यानं इंजिनिअरबाईंनी सांगितलेलं सगळं, विहिरीपासून मातीपर्यंत, किराणावाल्याला पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळपर्यंत खड्ड्यातलं लोखंड बाहेर आलं.

आम्ही घरी परतलो. आई चार पायऱ्या चढून आत गेली आणि तिच्यामागे मी. मामा खालीच थांबला. या घरात तो कधी विचारून आला नव्हता, नेहमी रस्त्यावरूनच काहीतरी बोलत आत शिरायचा.

"ताई, आत येऊ का?"

आईनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "ये. दार जरा उचलून लोट. चौकटीत अडकतं आता."

ते दार त्यानंच बसवलं होतं. बोटानं ढकललं तरी उघडायचं. मामानं ते खांद्यानं उचललं, लोटलं आणि खाली मान घालून आत आला.