वात न सोडणारं पिलू

बेल्ह्याच्या बाजारात मी गाय घ्यायला गेलो होतो. गाय पसंत पडायच्या आधीच कडबा टेम्पोत भरून घेतला, म्हणजे पुन्हा धावपळ नको. गाय काही पटली नाही. लोणीला घरी येऊन कडबा उतरवला, तर पेंढ्यांच्या मधोमध मांजरीची तीन पिलं, नुकते डोळे उघडलेली. आई बेल्ह्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर जाऊन बाजारतळावर म्यावम्याव करत हिंडलो. एका व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघून आपला बैल दुसरीकडे वळवून बांधला. मांजर मिळाली नाही.

पिलं टोपलीत घालून शेजारच्या साळुबाईंकडे नेली. आमच्या आळीतलं बिनआईचं करडू असो की कोंबडीचं पिल्लू, शेवटी त्यांच्याच दारात येतं.

"आई कुठंय ह्यांची?"

"बेल्ह्याला."

"आन तुमी हितं."

त्यांनी शेळीच्या दुधात कोमट पाणी घातलं, दिव्याची वात त्यात बुडवली आणि पिलाच्या तोंडाला लावली. पिऊन झालं की ओल्या फडक्यानं पिलाला मागून पुसायचं, आई चाटते तसं, म्हणजे त्याला लघवी होते. हे खातं माझ्याकडे आलं.

"आनलं कुनी?" एवढंच कारण.

साळुबाईंच्या घरची एक रीत आहे. स्वतःचं स्वतः खाल्ल्याशिवाय नाव नाही. पाला तोडता येईस्तोवर करडूसुद्धा नुसतं 'त्ये'. नाव ठेवलं की जीव अडकतो, म्हणतात. महिनाभरात दोन पिलं ताटलीतली दूधभाकरी खाऊ लागली. एक झाली राणी, दुसरा सरपंच. तिसरं, करड्या पट्ट्यांचं, वात सोडेना. ताटलीत तोंड घातलं की नाकात दूध, मग शिंका, मग वातीसाठी रड.

इकडे साळुबाईंचा एक डोळा मोतीबिंदूनं गेल्यात जमा, दुसराही अधू. मंचरच्या दवाखान्यातली एक तारीख कांदाकाढणीत हुकलेली. आता सोमवारची मिळाली होती. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही.

"मी पाजते ना, आत्या," सून प्रतिभा म्हणाली.

"तुला चावतंय त्ये."

"मग भाऊ पाजतील."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

"त्ये खाईना तवर मी जात न्हाई," साळुबाईंनी सांगून टाकलं. प्रतिभानं कपाळाला हात लावला. सकाळीच सासूनं साखर समजून चहात मीठ घातलं होतं.

साळुबाईंनी वात बंद केली. दुधात बुडवलेलं बोट त्या पिलाला चोखायला द्यायच्या आणि हळूहळू बोट खाली न्यायच्या, ताटलीत. पिलू बोटामागं यायचं, नाकाला दूध लागलं की मागं सरायचं. रविवारी ताटली मी धरली होती. सरपंच मधे घुसला आणि बिनदिक्कत जेवू लागला. पट्टेवाल्यानं ते पाहिलं, बोट सोडलं आणि जीभ बाहेर काढली. आधी एकदाच. मग भाकरीचा कुसकरा मिशांना चिकटेपर्यंत.

साळुबाई चपचप कान देऊन ऐकत होत्या.

"सरपंचच खातोय न्हवं?"

"सरपंचाला मी उचलून धरलाय, मावशी."

त्यांनी पट्टेवाल्याचं पोट चाचपलं. बराच वेळ हात तिथंच राहिला.

"प्रतिभा, पिशवी भर गं माझी."

सोमवारी त्या गाडीत बसल्या, तरी पट्टेवाल्याला नाव नव्हतं. मला राहवेना.

"मावशी, नाव काय ठेवलं त्याचं?"

"तुमचंच ठेवणार व्हते, पन त्ये शिकलं."