व्याह्यांची पंगत आणि माझी तान

बसा, चहा टाकलाय. मघाशी माझ्या व्हायोलिनचं कौतुक केलंत ना, म्हणून सांगतो. जो कुणी कौतुक करतो त्याला मी हा किस्सा आधी ऐकवून टाकतो, म्हणजे पुढं त्याची फसगत होत नाही.

तेव्हा मी जवान होतो. उस्मानपुऱ्यात खोली, दिवसा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी मास्तरांकडं व्हायोलिन. आणि डोक्यात एकच खूळ, स्पीड! गज असा चालवायचा की बघणाऱ्याला हात दिसू नये. गल्लीतली माणसं खिडकीशी थांबून बघायची, ‘काय हात चालतो पठ्ठ्याचा’ म्हणायची, आणि मी आणखी पळवायचो. सूर कुठं लागायलाय, कुठं नाही, हे बघायला वेळ कुणाला होता?

मास्तर तेवढे खूश नव्हते. म्हणायचे, “सुधाकर, तू वाजवत नाहीस रे, उरकतोस.” गुरुपौर्णिमेला त्यांचे सगळे शिष्य त्यांच्यासमोर वाजवायचे. मला मात्र दरवर्षी सतरंज्या अंथरायचं काम. मला ते लई लागायचं. वाटायचं, म्हाताऱ्याला माझा वेग सोसत नाही, दुसरं काय!

अन् मौका आला. करमाडचे दादाराव काका म्हणजे माझ्या वडिलांचे जुने दोस्त. त्यांच्या लेकीचं लग्न निघालं. पंगती उठेपर्यंत व्हायोलिन-तबला असावा अशी काकांची हौस, म्हणून त्यांनी मास्तरांना सांगून ठेवलेलं. नेमका मास्तरांना ताप भरला. मला बोलावून म्हणाले, “तू जा. नीट निभावलंस तर यंदा गुरुपौर्णिमेला तुला बसवतो.”

आता सांगा, मी सोडतो का?

तबल्याला मास्तरांचे नेहमीचे साथीदार युसूफभाई. एसटीत बसल्या बसल्याच त्यांनी मला समजावलं, “देखो सुधाकर, शादी का खाना है. आराम से बजाना.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, आज करमाडकरांना दाखवतोच.

पहिली पंगत गावकऱ्यांची बसली. मी सारंग सुरू केला आणि लगेच चढवला. थोड्या वेळानं बघतो तर काय, माझ्या लयीत माणसं जेवायलेली! मी पळवलं की घास पळायलेत, वाढपी पळायलेत, वरणाची बादली पळायली. माना खालीवर व्हायल्यात. त्या घास गिळताना हलायल्या होत्या, पण मला वाटलं दाद आहे. पंगत बघता बघता उठली. दादाराव काका हात पुसत आले, म्हणाले, “वा रे गड्या, लवकर आवरलं. उन्हाच्या आत व्याह्यांना बसवता येतंय.” मी त्यातलं फक्त ‘वा रे गड्या’ ऐकलं.

मग व्याह्यांची पंगत बसली.

तुम्हाला ठाऊकच आहे, गावकऱ्यांची पंगत वेगळी आणि व्याह्यांची वेगळी. व्याह्यांना जेवायला घालायचं म्हणजे नुसतं वाढायचं नसतं, आग्रह करायचा असतो. त्यांनी नको म्हणायचं, पानावर हात आडवा धरायचा, आपण तो हात बाजूला करून जिलबी सोडायची. एका जिलबीला दहा वाक्यं लागतात. मधोमध बसले होते नवरदेवाचे मामा. दौलताबादकडचे, भरघोस मिशा, गुलाबी फेटा. सोयरीक त्यांनीच जमवलेली, म्हणून मान त्यांचा. घास असा चावायचे की बघणाऱ्यालाच धीर धरावा लागावा.

आणि इकडं मी सुटलो.

वाढप्यांच्या पायाला पहिल्या पंगतीची सवय लागलेली. मामांची पहिली पोळी अर्धी व्हायच्या आत भात येऊन पडला. भातावर वरण पडलं. जिलबीवाला तर न विचारताच टाकून पुढं गेला. मामांनी पानावर हात धरला होता, पण तो बाजूला करायला कुणाला सवडच नव्हती!

मामांनी हात पानाबाहेर काढला. मांडीवर ठेवला. डोळे मिटले.

अहो, माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, रसिक माणूस दिसतोय! जेवण विसरून सुरात बुडाला बिचारा. त्यांचं बघून शेजारच्यांनी हात थांबवले. मग सगळी पंगतच थांबली. असं ऐकणारं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं. मी आणखी चढवलं. युसूफभाईंच्या कपाळावरून घाम टपकायला लागला. ते दातात ओठ धरून म्हणाले, “भाई, आहिस्ता. लोगां खाना खा रै, रेल नै पकड रै.” मी मनात म्हटलं, यांना झेपत नाही.

तेवढ्यात दादाराव काका मामांसमोर हात जोडून वाकलेले दिसले. मला वाटलं, माझी ओळख करून द्यायलेत. मी तिथूनच मान लववून नमस्कार केला.

काका तडक माझ्याकडं आले. तोंड पांढरं पडलेलं. कानाशी लागून म्हणाले, “सुधाकर, मामा रुसलेत. आपन त्यांना जेवू घालून हाकलायलोत म्हनं. पान सोडून उठतो म्हनायलेत.”

“वाजवायचं बंद करू का?”

“आता बंद केलंस तर म्हनतील, वाजंत्रीसुद्धा गुंडाळली. हळू वाजव, बाबा. हात जोडतो. माझी लेक नांदायला जायाची हाय त्या घरी.”

मी मांडवात नजर फिरवली. त्यांच्या लेकीला मी लहानपणापासून बघितलेलं. मांडवाच्या कडेला ती हिरवा चुडा घालून उभी होती आणि मामांच्या पानाकडं बघत होती. माझ्या हौसेपायी त्या पोरीला उद्या सासरी टोमणे खावे लागणार होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पण हळू वाजवायचं कसं? पळताना कुठला सूर चुकला हे कुणाला कळतं! हळू गेलं की लपायला जागा नाही. युसूफभाईंनी मला विचारलंच नाही, सरळ ठेका निम्म्यावर आणला. मी गज तारेवर ठेवला आणि एकच सूर ओढला. पुढचा सूर जरा चढा लागला, बोट मागं घेऊन सावरला. घाईच नव्हती, त्यामुळं सावरता आला. आणि खरं सांगतो, त्या दिवशी माझं व्हायोलिन मला पहिल्यांदा ऐकू आलं. बरं वाटलं हो. लई बरं वाटलं.

दादाराव काकांनी स्वतः जिलबीचं ताट घेतलं. मामांपुढं उकिडवे बसले. “मामा, माझ्यासाठी एक.”

मामांनी डोळे उघडले. “नाय नाय, बास झालं.”

“अर्धी तरी.”

“तुमी लईच आग्रह करता बघा,” म्हणत मामांनी पानावर हात आडवा धरला. काकांनी तो बाजूला केला, जिलबी सोडली. सगळ्या पंगतीचे हात पुन्हा चालू झाले. पुढं ती पंगत इतकी लांबली की आचारी सावलीला जाऊन आडवा झाला. मीही सारंग सोडला नाही. पोरगी हसताना दिसली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

हात धुऊन, पान खाऊन मामा थेट माझ्याकडं आले. खांद्यावर हात ठेवला.

“लई गोड वाजवलं, बेटा. जेवन अंगी लागलं.”

मी पाया पडलो. म्हटलं, झालं, गुरुपौर्णिमा पक्की.

“पर एक सांगा,” मामा इकडं तिकडं बघत हळू आवाजात म्हणाले, “म्या डोळे मिटून बसलो व्हतो, मला दिसला नाय. तुमच्या आदी ते येडं कोन वाजवायलं व्हतं?”

युसूफभाई तबल्याला खोळ घालता घालता थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, “नवीन पोरगं आहे, मामा. आमच्या मास्तरांकडं सतरंज्या अंथरतं.”