काखेतली काळी गाठ

"अक्का, स्वल्प इकडे या."

नागराज आमच्या लॅबमधला सगळ्यात जुना टेक्निशियन. सहसा घाबरत नाही. त्या दिवशी मात्र सुरी हातात तशीच धरून उभा होता. ऑपरेशन थिएटरमधून आलेले तुकडे आम्ही ज्या टेबलावर कापून बघतो, तिथे एक गाठ मधोमध चिरून ठेवली होती. बोराएवढी, आणि आतून काळी कुळकुळीत.

मी पॅथॉलॉजिस्ट. घर राजाजीनगरात; या कानडी मुलखात आमच्या किती पिढ्या झाल्या ते आजोबांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि रोग कुठला ते लिहायचं, एवढंच माझं काम. पेशंट मला दिसत नाही. दिसते ती काच आणि सोबत आलेला फॉर्म.

फॉर्म असा होता: ऋतुजा, वय बत्तीस. उजव्या काखेत गाठ. आठ महिन्यांचं बाळ, अंगावर पितं.

काखेतली ही गाठ म्हणजे लिम्फ नोड. शरीराची गाळणीच म्हणा. हाताकडून, छातीकडून येणारं नको ते सगळं तिथे अडकतं. नोड एरवी फिकट असतो. काळा दिसला की पहिलं नाव डोक्यात येतं मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो नोडपर्यंत पोचला म्हणजे प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी स्लाइड लावली. काळे कण खच्चून भरलेल्या पेशी. पण त्या साध्या, कचरा खाणाऱ्या पेशी. कॅन्सरची पेशी काही सापडेना. बरं, सापडली नाही म्हणजे नाहीच, असंही म्हणता येत नाही. आमच्या कामात हीच तर पंचाईत आहे.

मेलॅनिन, म्हणजे त्वचेतला रंग, ब्लीच केल्यावर उडतो. म्हणून ब्लीच केलं. ढिम्म! एक कण फिका झाला नाही.

"जुनं ब्लीच वापरलंस का रे?" मी चिडलेच.

"आजच केलंय, अक्का."

तरी पुन्हा करायला लावलं. या खेपेला शेजारी एक जुनी, खात्रीची मेलॅनोमाची स्लाइड ठेवली. तिचा रंग उडाला. आमचा जसाच्या तसा.

म्हणजे हे मेलॅनिन नाही. मग आहे काय? कोळशाची धूळ? ती फुप्फुसाजवळच्या नोडमध्ये सापडते, काखेत कशाला जाईल? टॅटूची शाई? फॉर्मवर तो प्रश्न छापलेलाच असतो. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'नो'. अय्यो, माझं डोकंच चालेना. मेलॅनोमाचे मार्कर, म्हणजे खास रंग लावून करायच्या तपासण्या, लावायला सांगितल्या. त्यांना उद्या दुपार होणार होती.

तेवढ्यात सर्जनचा फोन. डॉ. प्रशांत. हुशार मुलगा, पण भारी घाई.

"मॅडम, रिपोर्टचं काय? परवा ट्यूमर बोर्ड आहे." म्हणजे कॅन्सरचे सगळे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात ती मीटिंग. "घरच्यांना मी मेलॅनोमाचं सांगून ठेवलंय."

"रिपोर्टच्या आधी? कोणी सांगितलं होतं सांगायला?"

"नोड हातात काळा आला ना, मॅडम! तुम्ही नुसतं 'सजेस्टिव्ह ऑफ मेलॅनोमा' लिहा, बाकी मी बघतो."

"मला काही कळत नाहीये, हे लिहू का? तिच्या अंगावर तीळबीळ काही?"

"स्किनवाल्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. काही काळं नाही."

"सरी, ठीक आहे. उद्या सकाळी तिला माझ्याकडे पाठवा."

"पॅथॉलॉजीत?"

"हो, पॅथॉलॉजीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्याच हेब्बाळहून ऋतुजा आली. नवरा बाहेर बाकावर, मांडीवर बाळ. मूळची नागपूरची. डोळे सुजलेले, कुर्ता पुढून ओला.

"दोन दिवस झाले, पाजणं बंद आहे," ती म्हणाली. "औषधं सुरू होतील, तर आधीच तोडा म्हणाले सर. तो बाटली धरतच नाही, मॅडम. रडूनच राहिला. सुरू करू का परत?"

कॅन्सर आहे की नाही, हे मलाच अजून कळलं नव्हतं. एवढी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

"उजवी बाही वर कर," मी म्हटलं.

दंडावर तळहाताएवढा पांढरट, किंचित चकचकीत पट्टा. स्किनवाले काळं शोधत होते, हे पांढरं.

"हे काय गं?"

"ते काही नाही. कासव होतं."

"कासव?"

"टॅटू होता ना, कॉलेजमधला. मग केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूत म्हणाले, टॅटू चालत नाही. लेझरनं घालवला. सात सिटिंग्ज लागल्या."

"मग फॉर्मवर 'नो' का लिहिलंस?"

"नाहीच आहे ना, मॅडम! दरवर्षी कंपनीच्या मेडिकलला तेच लिहीत आले."

मी खुर्चीत बसले. पोरगी काही खोटं बोलली नव्हती.

लेझर शाई पुसत नाही, फक्त बारीक फोडतो. तो चुरा शरीर उचलतं. थोडा बाहेर जातो, थोडा जवळच्या गाळणीत अडकतो, तो कायमचा. साध्या टॅटूचीही शाई थोडीफार तिथे पोचतेच. हिचं अख्खं कासव दंडावरून निघून काखेत जाऊन बसलं होतं.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. मार्कर यायचे होते. तिला बाहेर बसवलं. मधल्या वेळात तीनदा नागराजवर खेकसले. अडीच वाजता स्लाइड हातात आल्या. सगळे मार्कर निगेटिव्ह. रिपोर्ट लिहिला: 'नोडमध्ये टॅटूचं पिगमेंट. मेलॅनोमा नाही.' गाठ इतक्या वर्षांनी आत्ताच का सुजली? शाईनं, की बाळंतपणानंतरच्या दुधानं? ते मला आजही माहीत नाही.

रिपोर्ट घेऊन मीच बाकापाशी गेले. "कॅन्सर नाही. पाज त्याला."

तिनं बाळ नवऱ्याकडून ओढूनच घेतलं. आमच्याकडे आडोसा नाही. नागराजनं माझ्या केबिनमधल्या फाइली उचलून तिला आत बसवलं, आणि आम्ही दोघं दाराबाहेर पहाऱ्यावर उभे राहिलो. आतलं रडणं थांबलं तेव्हा नागराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

टॅटू करून घेताना सुई नवी आहे का, शाई सीलबंद आहे का, एवढं लोक विचारतात. विचारावंच, कावीळ सुईतूनही येते. पण लेझरनं घालवला असेल तरी डॉक्टरला सांगा. आणि डॉक्टरांनो, काळं दिसलं म्हणून घरच्यांना कॅन्सर सांगायच्या आधी मला एक दिवस द्या. मला काही कळत नसेल तर मी तसं सांगेन.