हौदातले अंतराळ

२३ फेब्रुवारी १९९१, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, केळीच्या मळ्यातील हौदात मी अंतराळ उभे केले होते.

अंतराळातले भव्य सांगाडे यंत्रांनीच जोडावेत, हा धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील माझ्या प्रकल्पाचा विषय. तिथे पायाखाली जमीन नसते. सांगाड्याची नळी खाचेत ढकलली की ढकलणाराच मागे सरकतो. पाण्यावर तरंगणारी वस्तू जवळजवळ तशीच वागते. म्हणून केळीच्या खोडांचे दोन तराफे बांधले होते: एकावर अर्धवट सांगाडा, दुसऱ्यावर जीपच्या वायपरच्या मोटरीवर चालणारा लोखंडी हात. त्याने ढकलायचे नव्हते. सांगाडा पंजात पकडून आपल्याकडे ओढायचा होता.

“मशीनले जेवाले घातलं का, बाई?” कंबरभर पाण्यात उभा असलेला नानांचा मुलगा हसला. घड कापण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

“लांब राहा, भाऊ. काही निसटलं तरी हात लावू नको.”

मी मोटर सुरू केली. नळी निसटली. तो झेपावला. घड जमिनीला टेकला की केळी काळी पडतात. त्यामुळे काही पडताना दिसले की केळीवाल्याचा हात विचाराआधी पुढे होतो. लोखंडी पंजा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर मिटला.

मी मोटर उलटी फिरवली. त्या उलट्या फेऱ्यात आधी लोखंडी हात लांब होई, मग पंजा उघडे. पण आधार नसलेला तराफा गरकन वळला, भावाचे मनगट पिळले आणि तो गुरासारखा ओरडला. मी मोटर बंद केली.

“तोडतो बठ्ठं!” ओरडा ऐकून धावत आलेले नाना सगळेच तोडायला कोयता घेऊन हौदात उतरले. पहिल्या वाराने तराफ्याचे एक खोड दुभंगले, लोखंडाचा सगळा भार मनगटावर आला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा वार उगारताच मी काठावरची एक नळी उचलून नानांच्या दंडावर घातली. कोयता बुडाला.

“मले मारते?”

“नाना, तराफा धरा! बैल आवळता तसा आवळा!”

शिवी हासडून त्यांनी तो छातीशी आवळला. तराफा स्थिर झाला. मोटर उलटी फिरली, पंजा उघडला. दोन बोटे कातडीवर लोंबत होती. जळगावला डॉक्टरांनी ती काढून टाकली.

जूनमध्ये भावानेच मला हाक मारली. “माप की बाई, कोयता धरीन का मी?”

दाराच्या कडीला मी ओढ मोजणारा ताणकाटा अडकवला. त्याचा हूक मुठीत धरून त्याने दात आवळले आणि ओढले. डावा हात: अडतीस किलो. उजवा: चार.